चाळिशीत फार्मसीला जायचं म्हणता? आधी महिनाभर काउंटरमागे उभे राहून बघा

आमच्या मेडिकलमध्ये औषधं घ्यायला आलेली माणसं बिल होईपर्यंत भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचत बसतात. नोंदणीचं वर्ष 2024 आणि काउंटरमागे अर्धे केस पिकलेली बाई. हिशोब जुळत नाही. मग कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्ही उशिरा केलं का हे?" हो, उशिरा केलं. बारावी 1998 ची, पतसंस्थेतली क्लार्कची नोकरी पंधरा वर्षांची, आणि डी.फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाला, प्रवेश 2021 मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. पुढचा प्रश्न बहुतेकदा स्वतःसाठी किंवा घरातल्या कुणासाठी असतो: "मला जमेल का?" बिलाच्या रांगेत त्याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. माझा अनुभव महाराष्ट्रातला, तालुक्याच्या गावातला आहे. त्यामुळे नियम इथलेच सांगते.

कुठल्या दारातून आत जायचंय?

"फार्मसी करायची" हे ध्येय होऊ शकत नाही. स्वतःचं मेडिकल टाकायचं, हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करायची, औषध कंपनीत जायचं, सरकारी औषध निर्माण अधिकारी व्हायचं, की परदेशी जायचं, यातलं प्रत्येक दार वेगळ्या उंचीचं आहे. काही दारं चाळिशीत जवळजवळ बंद झालेली असतात, आणि प्रवेशाच्या वेळी हे कुणी सांगत नाही.

सरकारी नोकरीचंच घ्या. राज्य शासनाच्या भरतीत खुल्या प्रवर्गासाठी साधारण वयोमर्यादा 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43. तुम्ही 41 व्या वर्षी प्रवेश घेतला तर नोंदणी हातात येईपर्यंत 44 उजाडतं. जिल्हा परिषदेच्या जागेची आशा धरून जाणार असाल तर आधी वय मोजा. कंपनीत वयाची अट लिहिलेली नसते, पण क्वालिटी किंवा प्रॉडक्शनच्या फ्रेशर जागांसाठी बावीस वर्षांची, बी.फार्म. ही फार्मसीची पदवी घेतलेली मुलं रांगेत उभी असतात. तुम्ही आधीपासून औषध उद्योगात असाल, म्हणजे एमआर (डॉक्टरांकडे फिरणारा कंपनीचा प्रतिनिधी), स्टोअर, खरेदी किंवा लॅबमध्ये, तर पदवीचा उपयोग वेगळा. बाहेरून येणाऱ्याला तो रस्ता खडतर आहे. परदेशाचं तर सोडूनच द्या. अमेरिकेत फार्मासिस्टच्या परीक्षेला बसायचं तर 1 जानेवारी 2003 नंतर पदवी घेतलेल्यांना किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपली चार वर्षांची बी.फार्म. तिथे अपुरी पडते, सहा वर्षांची फार्म.डी. लागते.

उरतं ते मेडिकल आणि हॉस्पिटल फार्मसी. या दोन दारांना वयाचा काही अडसर नाही. उलट वय इथे कामाला येतं, ते पुढे सांगते.

आणखी एक गोष्ट, जी मला कळायला वर्ष लागलं. औषधांचा घाऊक व्यवसाय, म्हणजे स्टॉकिस्टचा, करायचा असेल तर फार्मासिस्टच असलं पाहिजे असं नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार घाऊक परवान्यासाठी लागणारी सक्षम व्यक्ती पदवीधर असून औषध व्यवहारातला एक वर्षाचा अनुभव असलेलीही चालते, किंवा दहावी पास आणि चार वर्षांचा अनुभव असलेलीही. पंधरा वर्षं एमआर म्हणून फिरलेल्या बी.कॉम. माणसाने दोन वर्षं कॉलेजात घालवण्यापूर्वी हा नियम वाचावा. किरकोळ विक्रीत मात्र सूट नाही. तिथे नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतोच.

कॉलेजच्या आधी काउंटर

माझा सगळ्यात ठाम सल्ला हा आहे, आणि तो फुकटचा आहे. ओळखीच्या मेडिकलवाल्याला सांगा, महिनाभर संध्याकाळी सहा ते दहा येतो, पगार नको. औषध द्यायचं काम तुम्ही करायचं नाही, ते कायद्यानेही तुमचं नाही. माल आला की बिलाशी ताडून लावायचा, एक्सपायरी तपासायची, शॉर्टेजच्या वहीत नोंदी करायच्या, आणि कान उघडे ठेवायचे.

पहिल्या आठवड्यात पाय बोलतात. चार तास उभं राहणं बँकेच्या खुर्चीवरच्या माणसाला काय असतं ते तेव्हा समजतं. दुसऱ्या आठवड्यात गिऱ्हाईक समजतं: उधारी मागणारा, चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागणारा, "मागच्या वेळची ती पांढरी गोळी द्या" म्हणणारी आजी, पाकिटातून दोनच गोळ्या कापून मागणारा. तिसऱ्या आठवड्यात हे काम आपल्याला आवडतं की फक्त नोकरीचा कंटाळा आलाय, हे कळायला लागतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी बाराव्या दिवशी नमस्कार केला आणि घरी गेल्या. त्यांची दोन वर्षं आणि फी वाचली.

मी टिकले ते एका इन्सुलिनच्या प्रसंगाने. एक काका हातात सिरिंज घेऊन आले, "साखर खालीच येत नाही." आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक साध्या बाटल्या एका मिलिलिटरला 40 युनिटच्या असतात, त्यांना लाल टोपीची सिरिंज लागते. काकांच्या हातात केशरी टोपीची, 100 युनिटवाली होती. सिरिंजवर 20 च्या रेघेपर्यंत भरलं की त्यांच्या पोटात जायची 8 युनिटं. तिथल्या फार्मासिस्टने सिरिंज हातात घेतली, बाटली मागितली आणि दोन मिनिटांत घोळ पकडला. डॉक्टरांना फोन लावून आधी त्यांच्या कानावर घातलं, मगच सिरिंज बदलली. कारण कमी मात्रेवर साखर उतरत नाही म्हणून डोस आधीच वाढवला गेला असेल तर नुसती सिरिंज बदलणंही धोक्याचं. हे सगळं मी खोकी लावत ऐकत होते. त्या रात्री घरी येऊन बारावीची मार्कशीट शोधली.

बारावीत काय होतं?

डी.फार्म.साठी बारावी सायन्स हवी: फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी किंवा मॅथ्स. किती वर्षांपूर्वीची, याला बंधन नाही, कमाल वयाची अटही नाही. बी.फार्म.ला राज्यात एमएचटी-सीईटी लागते, आणि याच विषयांत खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, राज्यातल्या मागासवर्गीयांना 40 टक्के.

आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना आडवाट नाही. पदवी, एमबीए, काहीही असो, सायन्सच्या बारावीची जागा ती घेत नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेलेही विचारतात; त्यांचीही पात्रता बारावीच्याच गुणांवर ठरते. मुक्त विद्यालय शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, सायन्सचे विषय प्रॅक्टिकलसकट देता येतात आणि तिथे वयाची वरची मर्यादा नाही. तो मार्ग घ्यायचा तर विषयांची निवड करण्याआधी प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर जाऊन ती निवड चालेल का, हे विचारून घ्या. यात एक-दीड वर्ष जातं. पंचेचाळिशीत हे वर्ष महाग पडतं.

डी.फार्म. की बी.फार्म.?

डी.फार्म. दोन वर्षांचा, बी.फार्म. चार वर्षांचा. मेडिकल चालवायला आणि फार्मासिस्ट म्हणून नोंदणीला डी.फार्म. पुरतो. डी.फार्म.नंतर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे एकूण पाच वर्षं. थेट बी.फार्म.पेक्षा वर्ष जास्त, पण मधेच थांबायची सोय. चाळिशीत मला ही सोय मोठी वाटते. दोन वर्षांनी हातात काहीतरी असतं. पुढे शिकायचं की कमवायचं हे तेव्हा ठरवता येतं.

पत्रव्यवहाराने, ऑनलाइन किंवा रविवारच्या वर्गांनी डी.फार्म. होत नाही. अशी जाहिरात दिसली तर तिच्या नादी लागू नका. तसंच "हजर राहू नका, परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो" म्हणणारे एजंट आहेत, आणि नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांवर त्यांची खास नजर असते. नियमाने थिअरी आणि प्रॅक्टिकलला प्रत्येकी 75 टक्के हजेरी लागते. मला हा प्रस्ताव दोनदा आला. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण जो विषय प्रयोगशाळेत हात घालून शिकलात तोच काउंटरवर आठवतो, आणि खोट्या हजेरीवर मिळालेलं सर्टिफिकेट पुढे कधी उसवेल सांगता येत नाही.

म्हणजे दोन वर्षं पूर्णवेळ नोकरी बंद. याचा विचार पहिल्या दिवशी करा. मी नोकरी सोडण्याआधी घरखर्चाचे अठरा महिने बाजूला काढले होते. शेवटचे सहा महिने नवऱ्याच्या पगारावर ओढले. कर्ज काढून शिकणं तरुण मुलाला परवडतं, त्याच्यापुढे पस्तीस वर्षं असतात. तुमच्यापुढे वीस आहेत आणि त्यात मुलांचं शिक्षणही आहे.

कॉलेज बघताना

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने नव्या कॉलेजांवर घातलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये रद्द केली. ती उठल्यावर नवनव्या पाट्या दिसू लागल्या. पाटी मोठी असली म्हणून मान्यता असतेच असं नाही. कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजचं नाव, अभ्यासक्रम आणि चालू वर्षाची मान्यता बघा. मान्यता नसलेल्या कॉलेजातून आलेल्याची नोंदणी होत नाही, म्हणजे दोन वर्षं पाण्यात.

सरकारी जागा मिळाली तर पहिली पसंती तीच. कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि रत्नागिरी इथे शासकीय फार्मसी कॉलेजं आहेत. फी खासगीच्या मानाने फारच कमी. पण प्रवेश बारावीच्या गुणवत्तेवर होतो, आणि 1998 चे 58 टक्के आजच्या 85 टक्क्यांसमोर उभे राहतात. तेव्हा अर्ज करा, पण खासगीचा हिशोब तयार ठेवा. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली असते. तो आकडा बघून जा आणि त्यावर मागितलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा.

मोठ्या माणसाने आणखी एक बघावं: घरापासूनचं अंतर. रोज दीड तास एसटी म्हणजे दोन वर्षांत अभ्यासाचे शेकडो तास गेले. आणि शक्य असेल तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कॉलेजबाहेर चहाच्या टपरीवर गाठून विचारा, प्रॅक्टिकल खरंच होतात का. तिथे खरं उत्तर मिळतं.

कागद

प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो आणि बारावीच्या निकालानंतर सुरू होतो. तरुण मुलांकडे कागद ताजे असतात. आपले शाळेच्या गोदामात असतात. शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत काढायला वेळ लागतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी दाखला आधीच काढावा. माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. शिवाय अधिवास, जात असल्यास जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर, आणि शिक्षणात पडलेल्या खंडाचं, म्हणजे गॅपचं, प्रतिज्ञापत्र. तेवीस वर्षांचा गॅप टाइप करताना टंकलेखकाने मान वर करून दोनदा विचारलं. फेब्रुवारीत सुरुवात केलीत तर जूनमध्ये धावपळ होत नाही. राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्यांत आपण बसतो असं गृहीत धरून बजेट करू नका. उत्पन्नाबरोबरच बाकीच्या अटी ओळन् ओळ वाचा.

वर्गातली दोन वर्षं

पहिल्या वर्षाला फार्मास्युटिक्स, फार्मास्युटिकल केमिस्ट्री, फार्माकोग्नॉसी, शरीररचना व शरीरक्रिया, आणि सोशल फार्मसी. दुसऱ्याला फार्माकॉलॉजी, कम्युनिटी फार्मसी, बायोकेमिस्ट्री, फार्माकोथेरप्युटिक्स, हॉस्पिटल व क्लिनिकल फार्मसी, आणि कायदा. परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळाची (एमएसबीटीई), इंग्रजीत, उत्तीर्ण व्हायला 40 टक्के.

मराठी माध्यमातून शिकून मग वीस वर्षं इंग्रजी न लिहिलेल्या माणसाला अडचण विज्ञानाची नसते, लिहिण्याची असते. मी पहिले तीन महिने रोज एक उत्तर पाहून लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी न पाहता. केमिस्ट्रीत सूत्रं विसरली होती; मुलीचं दहावीचं पुस्तक घेऊन तिथून सुरुवात केली, आणि याची लाज वाटू देऊ नका. शरीरशास्त्र मात्र आपल्याला सोपं जातं. सासूबाईंचं बीपी, वडिलांचा डायबेटिस, स्वतःचा थायरॉइड. अठरा वर्षांच्या मुलांना जे पाठ करावं लागतं ते आपल्या घरातच घडलेलं असतं.

वर्गातला अवघडलेपणा वेगळाच. आमचे सर माझ्याहून बारा वर्षांनी लहान. सगळ्या वर्गाला "तू", मला "तुम्ही". तोंडी परीक्षेत मुलांना "सांग रे, डोस काय?" आणि मला "तुम्हाला सांगता येईल का?" शेवटी मीच म्हटलं, सर, मलाही दटावा, नाहीतर माझा अभ्यास व्हायचा नाही. त्यानंतर बरं चाललं. मुलं आधी काकू म्हणायची, मग जर्नल मागायला लागली की ताई.

500 तास, परीक्षा आणि नोंदणी

दुसऱ्या वर्षानंतर प्रात्यक्षिक प्रशिक्षण: किमान 500 तास, किमान तीन महिन्यांत विभागलेले, मान्य हॉस्पिटलात किंवा मेडिकलमध्ये. हे सहीपुरतं उरकायची पद्धत आहे. तुम्ही तसं करू नका. काउंटरवरचं शिक्षण इथेच होतं. उदाहरण एकच देते. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी दिली जाते तेव्हा ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. घरच्यांनी ती रोज दिली तर जिवावर बेततं. पुस्तकात ही एक ओळ आहे. प्रशिक्षणात मी ती पेशंटच्या सुनेला समजावली, वार ठरवून दिला आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात "फक्त सोमवारी" लिहिलं. घरातल्या म्हाताऱ्यांची औषधं सांभाळलेल्या माणसाला हे बोलणं बरोबर जमतं. वय कामाला येतं म्हणाले ते हे.

माझ्या बॅचला नव्हती ती एक पायरी आता आहे: डी.फार्म. झाल्यावर, नोंदणीच्या आधी द्यायची एक्झिट परीक्षा. 2022 च्या नियमांनी ती आली आणि पहिली परीक्षा ऑक्टोबर 2024 मध्ये झाली. तीन पेपर, बहुपर्यायी, इंग्रजीत, प्रत्येकात 50 टक्के हवेत. डी.फार्म.ला 40 वर पास झालेल्याला हे दहा टक्के जड जातात, म्हणून पहिल्या वर्षापासून नोट्स जपून ठेवा. कायदा आणि ड्रग स्टोअर व्यवस्थापनाच्या पेपरात मोठ्या माणसांना गुण मिळतात, कारण परवाना, रजिस्टर, बिल हे शब्द आपल्याला परके नसतात. त्यानंतर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. ती झाल्यावरच तुम्ही फार्मासिस्ट. निकालाच्या दिवशी नाही.

स्वतःचं दुकान: आकडे मांडून

किरकोळ परवान्याला किमान 10 चौरस मीटर जागा, फ्रिज आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो; परवाना अन्न व औषध प्रशासन देतं. शेड्यूल एच1 ची, म्हणजे जास्त कडक नियंत्रणाखालची, औषधं विकताना वेगळं रजिस्टर ठेवायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. हे सगळं शिकता येतं. शिकवत नाहीत तो नफ्याचा हिशोब.

किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन 16 टक्के, बाकीच्यांवर व्यापाराच्या रिवाजाने 20. सरासरी 17 धरू. समजा रोजची विक्री 8,000 आणि महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 2,08,000. त्यावर 35,360 सुटले. भाडं 8,000, वीज 2,500, हाताखाली एक मुलगा 9,000. उरले 15,860. आता समोरच्या साखळी दुकानाने 10 टक्के सूट लावली आणि तुम्हीही लावली, तर 20,800 गेले आणि तुम्ही महिन्याला 4,940 रुपयांनी खड्ड्यात. यात एक्सपायरी आणि उधारी धरलेली नाही. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे घाला. पण घाला, आणि तेही जागेचं डिपॉझिट देण्याआधी. जेनेरिकवर मार्जिन जास्त असतं, मात्र डॉक्टरने लिहिलेला ब्रँड मागणाऱ्याला ते पटवायला वर्षं लागतात. जनऔषधी केंद्राचाही विचार करा: 120 चौरस फूट जागेत होतं, मार्जिन 20 टक्के, आणि सवलतीची चढाओढ नाही.

म्हणून मी पहिलं वर्ष दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये पगारावर काढलं. पगार पतसंस्थेपेक्षा कमी होता. पण कुठला स्टॉकिस्ट एक्सपायरी परत घेतो, कुठली दहावर एक फुकटची स्कीम खरी आणि कुठली गळ्यात मारलेली, हे त्या मालकाच्या पैशाने शिकले.

सर्टिफिकेट मागायला येतील तेव्हा

नोंदणी झाल्यावर महिन्याभरात कुणीतरी घरी येतं. चहा होतो, मग विषय निघतो: "मॅडम, तुम्ही यायचं नाही, फक्त सर्टिफिकेट लावू, महिन्याला ठरलेले पैसे." घरबसल्या उत्पन्न म्हणून चाळिशीतल्या बायकांना हे खास सांगितलं जातं. काहीजण तर एवढ्यासाठीच डी.फार्म. करतात. त्या दुकानात तुमच्या नावावर चुकीचं औषध गेलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं, आणि नोंदणी जाते तीही तुमचीच.

खरी नोकरी केलीत तरी सोडताना एक काम विसरू नका. राजीनामा मालकाला देऊन भागत नाही. कुठल्या तारखेपासून तुम्ही तिथे नाही हे अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवा आणि पोच घ्या. मी नोकरी सोडली तेव्हा मालक म्हणाले, "आम्ही कळवू." चार महिन्यांनी माझ्या स्वतःच्या परवान्याचा अर्ज अडला, कारण कागदोपत्री मी अजून त्यांच्याच काउंटरमागे उभी होते.